फोन कुणाच्या खिशात असतो, ते आधी बघ

जव्हार,
१८ सप्टेंबर

प्रिय मीनल,

तुझं पत्र मिळालं. गरोदर बायांसाठी अ‍ॅप करताय हे वाचून फार आनंद झाला. त्यात काय काय घालू असं विचारलंयस, पण ते बाईपर्यंत पोचणार कसं, हे आधी ठरव. आमच्या पाड्यांवर कित्येक घरांत एकच फोन, तोही बटणांचा आणि नवऱ्याच्या खिशात. वाचता न येणाऱ्या बायाही आहेत. तिथे अ‍ॅप पोचायचं नाही, पण साधा फोन वाजतो.

डॉ. अपर्णा हेगडे यांच्या आरमान संस्थेने मुंबईत २०१४ साली एममित्र ही फोनसेवा सुरू केली, ती याच वाटेने. मराठी-हिंदीत बोलका निरोप, तोही बाईने सांगितलेल्या वेळी. सरकारची किलकारी तशीच: चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ निरोप. शेवटच्या पाळीच्या तारखेवरून हिशोब होतो, म्हणून तिच्या त्या-त्या आठवड्याचंच बोलणं कानावर पडतं. मला यातलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

लोहाच्या गोळीचंच बघ. १८० दिवस रोज घ्यायची. आशाताई घरी नेऊन देते, पण शौचाला काळं झालं की बाई घाबरते, मळमळलं की गोळ्या फळीवर जातात. नुसतं ‘गोळी घ्या’ म्हणून भागत नाही गं. काळं होणारच, त्यात धोका नाही. चहासोबत घेऊ नकोस. कॅल्शियमची वेगळ्या वेळी घे. एवढं नीट सांगितलं तर गोळी पोटात जाते. आणि हे सासूनेही ऐकायला हवं, घरात तिचाच शब्द चालतो! निरोप असा लिही की स्पीकरवर लावायला सुनेला संकोच वाटू नये.

धोक्याच्या खुणा मात्र एकदा सांगून सोडू नकोस. अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडा-हातांवर सूज, बाळाची हालचाल मंदावणं. लगेच १०८ ला फोन करायचा. हे पुन्हा पुन्हा यायला हवं.

दिवाळीनंतर इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. फोन बदलतो, नंबर बंद होतो, आणि नेमके सातव्या-आठव्या महिन्यातले निरोप हुकतात. म्हणून दोन नंबर घ्या, दुसरा माहेरचा. आणि तिला उलट विचारता येईल अशी सोय ठेवा. शंका मनात राहिली तर ती शेजारणीचं ऐकते, ते कधी बरोबर असतं, कधी जिवावर बेततं.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, दूरदूरच्या बाया येतात. ऑक्टोबरात ये. आधी चार-पाच निरोप रेकॉर्ड करून आण. ओळीत बसलेल्या बायांना ऐकवू, कुठला शब्द त्यांना कळत नाही ते तिथेच लिहून घेऊ. मुक्काम माझ्याकडेच कर.

तुझी,
सुरेखा