सिम्फनीतल्या फायलींचं काय करायचं

हॅम्बुर्ग

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. गड्ड्याची जत्रा आटोपली असेल आणि मार्चअखेरची धावपळ अजून सुरू झाली नसेल. कारखान्यातल्या कंप्युटरचं काम याच दिवसांत उरकून घ्या. दादा, तू विचारलंस की आपलं लोटस सिम्फनी, म्हणजे पत्रं आणि हिशोब करायचा आपला जुना प्रोग्राम, आयबीएमने ओपनऑफिसला देऊन टाकलं, तर आता सरळ ओपनऑफिस टाकायचं का. ओपनऑफिस नको, लिब्रेऑफिस टाका. फायली सुरक्षित आहेत, फक्त कामं क्रमाने करायला हवीत. कारण कळलं तर क्रम लक्षात राहील, म्हणून आधी ते सांगते.

या सगळ्यांचं मूळ एकच. इथून जवळच्या ल्युनेबुर्गला १९८५ साली स्टारडिव्हिजन नावाची कंपनी निघाली. तिचं स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००० साली सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला करून ओपनऑफिस सुरू केलं. तेव्हाचा कोड दोन परवान्यांखाली मिळायचा. त्यातल्या एकात, ठरावीक अटी पाळून, स्वतःचं बंद उत्पादन काढायची मुभा होती. आयबीएमने त्या मुभेवर ओपनऑफिसची १.१.४ ही आवृत्ती घेतली, तिच्यावर एक्लिप्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं बाहेरचं कवच चढवलं आणि २००८ मध्ये सिम्फनी फुकट वाटायला सुरुवात केली. सनने तो परवाना २००५ मध्येच बंद केला होता, त्यामुळे बाकीचे पुढे गेले तरी सिम्फनी बराच काळ जुन्या पायावर राहिलं. ओपनऑफिस ३ च्या पायावर ते आलं थेट २०१० मध्ये.

पुढे सन ओरॅकलकडे गेली. ओरॅकलने जून २०११ मध्ये ओपनऑफिस अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिलं आणि पुढच्याच महिन्यात आयबीएमने सिम्फनीचा कोडही तिथेच देत असल्याचं जाहीर केलं. पण कोड दिला म्हणजे तो लगेच मिसळला असं होत नाही. एकाच नक्षीचे जकार्डचे पत्ते, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे भोकांचे पुठ्ठे, दोन कारखान्यांनी नेले आणि दोघांनी वर्षानुवर्षं आपापल्या गिऱ्हाइकासाठी भोकं बदलली, तर एकाच्या गठ्ठ्यात दुसऱ्याचे पत्ते घुसडून चालत नाहीत. काय बदललं ते बघत एकेक फूल उचलावं लागतं. अपाचीच्या लोकांनीही सिम्फनीला पाया न करता आपल्याच पायावर त्यातलं चांगलं हळूहळू आणायचं ठरवलं. जुलै २०१३ च्या ओपनऑफिस ४.० मध्ये उजवीकडची साइडबार आली, ती सिम्फनीचीच. एप्रिल २०१४ च्या ४.१ मध्ये आयॲक्सेसिबल२ चा आधार आला. विंडोजवर अंध माणसाचा स्क्रीन रीडर कागदातला मजकूर वाचून दाखवतो तो अशा आधारावर. या सगळ्या देणगीत मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. वहिनी, एकाच खिडकीत टॅब करून अनेक फायली उघडायची तुमची सोय मात्र कवचातली होती, ती कवचाबरोबर गेली. नव्यात प्रत्येक फाइल वेगळ्या खिडकीत उघडेल.

आता ओपनऑफिस का नको ते. लिब्रेऑफिस सप्टेंबर २०१० मध्येच ओपनऑफिसमधून वेगळं झालं होतं. अपाचीचा परवाना मोकळा आहे, त्यातला कोड लिब्रेऑफिस घेऊ शकतं. लिब्रेऑफिसचा एमपीएल परवाना केलेले बदल त्याच परवान्याखाली खुले ठेवायला सांगतो, म्हणून अपाची तिथून उलट उचलत नाही. त्यामुळे सिम्फनीची साइडबार लिब्रेऑफिसमध्ये पोचली, पण लिब्रेऑफिसमधल्या दुरुस्त्या ओपनऑफिसला मिळाल्या नाहीत. २०१४ च्या ४.१ नंतर ओपनऑफिसची मोठी आवृत्ती आलेली नाही, फक्त ४.१.१, ४.१.२ अशा बारीक दुरुस्त्या निघतात. शिवाय ते डॉक्स आणि एक्सएलएसएक्स, म्हणजे वर्ड आणि एक्सेलच्या फायली, उघडतं, पण त्या स्वरूपात सेव्ह करत नाही. सीएंना एक्सएलएसएक्स पाठवायची वेळ आली की तिथेच अडाल. इथल्या शेजारच्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये सरकारी कचेऱ्यांतले सुमारे ३०,००० कंप्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं. तेव्हा आपल्या तीन कंप्युटरांची काळजी नको.

फायली सुरक्षित म्हणते कारण सिम्फनी मुळात ओडीएफ स्वरूपात सेव्ह करायचं, म्हणजे पत्रांना ओडीटी आणि हिशोबाच्या शीटला ओडीएस. हे २००६ पासून आयएसओचं मानक आहे, एका कंपनीच्या मालकीचं नाही. आत ती साधी झिप फाइल असते. एखादी फाइल उघडेनाशी झाली तर तिची प्रत काढून प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा आणि आतली कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा, मजकूर बहुतेक वेळा हाती लागतो.

पहिलं काम बॅकअपचं. कागदपत्रांचं अख्खं फोल्डर दोन ठिकाणी ठेवा, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह घरी न्या, कारखान्यात ठेवू नका. मग सिम्फनी काढायच्या आधी त्यातच पासवर्डच्या फायली एकेक उघडा आणि पासवर्ड काढून सेव्ह करा. पासवर्डने कुलूपबंद केलेल्या जुन्या फायली लिब्रेऑफिस वाचतं, पण पासवर्ड विसरला असाल तर तो कोणीही काढून देऊ शकत नाही. ते आत्ताच कळलेलं बरं. अण्णांच्या काळातल्या, लोटसच्याच जुन्या प्रोग्रामांच्या, म्हणजे वर्ड प्रोच्या एलडब्ल्यूपी आणि लोटस १-२-३ च्या हिशोबाच्या फायली लिब्रेऑफिस वाचू शकतं, त्या स्वरूपात लिहू शकत नाही. त्या उघडून लगेच ओडीटी, ओडीएस म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. मूळ फायली पुसू नका.

इन्स्टॉल करताना आधी विंडोज कुठलं ते पाहा. लिब्रेऑफिस २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. गोदामातल्या जुन्या कंप्युटरवर २५.२ टाका, ऑफिसातल्या विंडोज १० वर चालू आवृत्ती. सेटअपमध्ये टिपिकल न निवडता कस्टम निवडा आणि यूजर इंटरफेस लँग्वेजेसमध्ये इंग्रजीसोबत मराठीवरही टिक करा. सिम्फनी लगेच काढू नका, दोन्ही शेजारी नांदतात.

वहिनी, हिशोबाच्या शीट्सकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण तिथली चूक दिसत नाही. सिम्फनीच्या काळात ओडीएफमध्ये सूत्रांची भाषा पक्की ठरलेली नव्हती, ती २०११ च्या ओडीएफ १.२ मध्ये ठरली. बहुतेक सूत्रं नीट येतात, पण तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मोठ्या शीट्सच्या शेवटच्या बेरजा सिम्फनीत बघून कागदावर लिहा: सूतखरेदी, मजुरी, येणी. मग तीच शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबा. त्याने सगळी सूत्रं नव्याने मोजली जातात. बेरीज जुळली नाही तर कंट्रोल-एफ८ दाबा. आकडे निळे, सूत्रं हिरवी आणि मजकूर काळा दिसेल. आकड्यांच्या रकान्यात काळा आकडा दिसला तर तो मजकूर म्हणून साठवलेला आहे आणि बेरजेत धरला जात नाही. तो रकाना निवडून आधी फॉरमॅट नंबर करा, मग डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडून ओके करा. आकडा निळा होईल. मॅक्रोचं, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारं, बटण असलेली शीट असेल तर ते बटण चालेल असं गृहीत धरू नका. तेच काम हाताने करून आकडा जुळवा.

मराठी पत्रांचं दुखणं वेगळं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसला की इंग्रजी कचरा दिसतो आणि असला तरी शोधात ‘चादर’ लिहून काही सापडत नाही. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्याने ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर मराठी म्हणूनच ओळखला जाणारा मजकूर, होत नाही. जुनी पत्रं फाँट असलेल्या कंप्युटरवरून पीडीएफ करून ठेवा, आणि रोज लागणारे नमुने तेवढे, म्हणजे लेटरहेड, दरपत्रक आणि येणी-स्मरणपत्र, युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.

नव्याने टाइप करण्याआधी टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) भाषा मराठी करा. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरीसाठी फाँट आणि आकार वेगवेगळे धरतं. म्हणून एकाच ओळीत ‘सोलापूर’ मोठं आणि शेजारचा इंग्रजी जीएसटी नंबर बारीक असं होतं. प्रत्येक ओळ हाताने नीट करत बसू नका. डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल उघडून फाँटच्या पानावर दोन्हीकडे आकार द्या. देवनागरीला निर्मला यूआय १२ आणि इंग्रजीला ११ ठेवलं की जुळतं. हीच स्टाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा.

उन्हाळ्यात लाइट जाते, म्हणून टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ऑटोरिकव्हरी ३ मिनिटांवर आणा आणि बॅकअप प्रत ठेवण्यावर टिक करा. त्याच पानावर सेव्हचं स्वरूप ओडीएफच राहू द्या. सीएंना पाठवायच्या फाइलची तेवढी सेव्ह ॲज करून एक्सएलएसएक्स प्रत काढा. स्वतःचं काम एक्सएलएसएक्समध्ये करू नका. दोन स्वरूपांत पुन्हापुन्हा ये-जा झाली की सीमारेषा आणि छपाईची पानं बिघडत जातात.

चलानाच्या छापील वहीवर प्रिंट काढत असाल तर आधी कोऱ्या कागदावर काढून वहीच्या पानावर उजेडात धरून बघा. ओळी सरकल्या असतील तर फॉरमॅट, पेज स्टाइलमध्ये कागदाचा आकार लेटर असेल तर तो ए४ करा. मार्जिनचा फरक मिलिमीटरमध्ये मोजून दुरुस्त करा.

मार्चचा हिशोब लिब्रेऑफिसमध्ये बंद झाला, जीएसटीचे आकडे जुळले आणि सीएंकडून फाइल परत आली की मगच सिम्फनी काढा. त्याचा सेटअप मात्र त्या हार्ड डिस्कवर राहू द्या. अडलं तर पडद्याचा फोटो पाठवा, पण त्यात वर कुठल्या प्रोग्रामचं नाव आणि कुठली आवृत्ती आहे ते दिसू द्या, म्हणजे मला लगेच सांगता येईल.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शेंगाचटणीचं पार्सल पोचलं.

तुमची,
धाकटी