आप्पा, दिवे धरणाऱ्या पोरांच्या हातात ट्रम्पेट द्या

न्यू ऑर्लिन्स, अमेरिका

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

माय फोनवर म्हणाली, या सीझनला बँडच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या, सगळ्यांना डीजेच हवा, आणि तुम्ही क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर ठेवून दिली. तेव्हापासून तुम्हाला सविस्तर लिहायचं मनात घोळतंय. मी राहते ते गाव याच दुखण्यातून गेलंय आणि त्यातून उठलंयही.

जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलातलं साहेबी संगीत, असं मला अमळनेरला असताना वाटायचं. इथे ते रस्त्यावर भेटलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, साइड ड्रम, मोठा ढोल, म्हणजे जवळपास तुमचंच सामान. इथे माणूस गेला तरी बँड लावतात. दफनाला जाताना संथ, काळीज हलवणारी भजनं वाजतात. माती देऊन झाली की तोच बँड उडती चाल धरतो आणि मागून अख्खी गल्ली नाचत निघते. वाजवायची रीतही तुमच्या ओळखीची. आधी मुखडा सगळे मिळून, मग एकेक जण आपल्या मनाने रंगवतो, बाकीचे त्याला धरून राहतात, आणि पुन्हा सगळे मुखड्यावर. सखाराम महाराजांच्या यात्रेत तुम्ही अभंगात मध्येच जागा घ्यायचे तेव्हा साथीदार कसे थांबून वाट बघायचे, ते आठवून पाहा.

हे सगळं एकदा विझत आलं होतं. १९६१ साली इथे प्रिझर्व्हेशन हॉल निघाला, तिथे जुन्या वादकांना रोज वाजवायला जागा मिळाली. पण म्हाताऱ्यांची सोय झाली म्हणून कला पुढे जात नाही, पोरं कुठून आणायची? ते काम केलं डॅनी बार्कर यांनी. जन्म १९०९ चा, इथलाच. बँजो आणि गिटार वाजवायचे, न्यूयॉर्कला जाऊन कॅब कॅलोवेच्या मोठ्या बँडमध्ये नाव कमावलं, १९६५ मध्ये परत आले. १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आधाराने त्यांनी आसपासची पोरं जमवून बँड उभा केला. तालीम चालायची लिरॉय जोन्स नावाच्या मुलाच्या आईबापाच्या गॅरेजमध्ये. त्यातलीच पोरं पुढे नामांकित वादक झाली. पुढे मोठे ट्रम्पेटवादक झालेले विंटन मार्सालिसही लहानपणी त्या बँडमध्ये वाजवून गेले.

मग २००५ ला कॅटरिना वादळ आलं. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली, शाळांमधली वाद्यं चिखलात. त्यानंतर डेरिक टॅब या ड्रमवाल्याने २००७ मध्ये रूट्स ऑफ म्युझिक ही संस्था सुरू केली. नऊ ते चौदा वर्षांची मुलं, शाळा सुटल्यावर, एक पैसा न घेता. वाद्य संस्थेचं, आणायला-सोडायला बस, जेवण, वर अभ्यासाची शिकवणी. आप्पा, मला यातली बस आणि जेवण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भुकेलं पोर फुंकणार काय? आणि अंधारात एकटं घरी जायचं असेल तर आई पाठवेल कशाला?

माझ्या घराजवळच्या एका चर्चच्या मागच्या खोलीतही अशी शिकवणी चालते. मी कधीमधी दाराशी उभी राहते. शिकवणारे आजोबा कागद देत नाहीत, तोंडाने ओळ म्हणून दाखवतात, पोरगं वाजवून परत करतं. चुकलं की पुन्हा तोंडाने, त्याच शांतपणे. एक दहा-अकरा वर्षांची पोरगी सुझाफोन, म्हणजे मोठ्या भोंग्याचं पितळी वाद्य, अंगाभोवती घालून बसते. पितळ एवढं मोठं की फक्त कपाळ आणि डोळे दिसतात. गाल फुगले की आजोबा स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवतात, दम इथून. तुम्हीही असंच शिकवायचे.

आणि हे संगीत आपल्याला परकं नाहीच. मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्रांच्या साथीला होता, १९५१ च्या ‘अलबेला’ सिनेमातही. ते सी. रामचंद्र पुणतांब्याचे. त्यांची गाणी तुम्ही वरातीत किती वाजवलीत!

आता माझं मागणं. डोक्यावर लाइटचं झुंबर घेऊन बँडच्या कडेने चालणारी पोरं तुम्हाला ठाऊक आहेत. रात्रभर चालून त्यांना प्रत्येक गाणं पाठ झालेलं असतं, चाल कुठे वळते तेही कळतं. त्यांच्या हातात वाद्य मात्र कुणी देत नाही. पहिले शागीर्द हेच घ्या, आणि पोरीही घ्या. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, तेवढे महिने रोज संध्याकाळी तास-दीड तास पुरे. सुरुवात आपल्या खानदेशच्या कानबाई देवीच्या गाण्यांपासून करा, ती त्यांच्या घरात म्हणतात. श्रावणात विसर्जनाला बोरी नदीवर निघताना त्यांना तुमच्या शेजारी उभं करा, दोन ओळी आल्या तरी चालतील.

रीड, पिस्टनचं तेल आणि माळ्यावरच्या दोन पोचे पडलेल्या ट्रम्पेटच्या दुरुस्तीसाठी दादाच्या खात्यात पैसे टाकले आहेत. त्यातूनच पोरांना रोज केळी आणि मुरमुऱ्यांचा भत्ता द्या, आणि रात्री घरी सोडायला दादाची रिक्षा. पैसे कमी पडले तर मायला सांगायला लावा, तुम्ही स्वतः सांगणार नाही.

शाळेची मागची खोली मिळते का, तेवढं मुख्याध्यापकांना या आठवड्यात विचारा आणि मला कळवा. क्लॅरिनेटचे पॅड उंदरांनी खाल्ले नसतील ना, तेही बघा.

तुमची,
शोभा