रिलोवचे हंस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

निसर्गचित्रात आणि पशुपक्ष्यांत सारखाच हात चालणारा रशियन चित्रकार कोण, असं तू विचारलंस. निसर्गचित्रांसाठी नावाजलेला शिश्किन म्हणणार नाही. त्याच्या १८८९ च्या पाईनवनाच्या चित्रातली गाजलेली अस्वलं सावित्स्की या दुसऱ्या चित्रकारानं काढलेली. चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोवनं बिचाऱ्याची सहीसुद्धा काढून टाकली!

माझं मत अर्कादी रिलोवला. जन्म १८७० चा, व्यात्का प्रांतातला. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत तो कुइंजीचा शिष्य. निकोलाय रोरिक त्याच वर्गातला. हो, तोच, पुढे कुलूजवळ नग्गरला येऊन राहिलेला. कुइंजी गुरू म्हणून अफाटच. विद्यार्थ्यांची बाजू घेतली म्हणून १८९७ मध्ये अकादमीतली जागा गेली, तरी पुढच्याच वर्षी पदरचे पैसे खर्चून शिष्यांना युरोप दाखवून आणला.

रिलोवच्या चित्रशाळेत मोकळे पक्षी, ससे, खारी, एक माकड, शिवाय मुंग्यांची वारुळं! प्राणी रेखाटायला तो शिकवायचाही. त्याचा प्राणी कधी पोझ देऊन बसल्यासारखा दिसत नाही, त्याचं मूळ मला या गोतावळ्यात दिसतं.

१९०४ चं ‘हिरवा कल्लोळ’ बघ. उंच काठावरचे भूर्ज वाऱ्यानं नुसते घुसळून निघालेत, खाली नदीवर पांढरी शिडं. आणि मग १९१८ चं ‘निळ्या विस्तारात’. पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे पीटर्सबर्गमध्येच, तेव्हा भूक आणि थंडी, सरपणाचीही मारामार. आणि हा गडी काढतो काय, तर उत्तरेच्या समुद्रावरून निघालेले पांढरे हंस. समुद्र, बर्फाळ खडक, शिडाचं जहाज सगळं खाली राहिलंय. बघणारा किनाऱ्यावर नाही, हंसांच्या थव्यातच आहे. पुढे समीक्षकांनी याला पहिलं सोव्हिएत निसर्गचित्र ठरवलं, हंसांत क्रांती पाहिली. मला ते ओढूनताणून वाटतं. हंस वर्षानुवर्षं न्याहाळलेल्या माणसाचं ते चित्र आहे, एवढं मला पुरतं.

१९३४ मध्ये त्यानं लेनिनही रंगवला, रझलिवच्या तळ्याकाठी भराभर चालणारा. तिथंही माझी नजर लेनिनवर ठरत नाही, पेटलेल्या आभाळाकडे आणि वाऱ्याकडे जाते. १९३९ मध्ये रिलोव गेला. ‘निळ्या विस्तारात’ मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. पक्ष्यांचे फोटो काढणारा तू. त्या हंसांचे पंख बरोबर आहेत का, ते नीट बघून सांग.

तुझा,
अविनाश