खालच्या वर्गात बसलीस, बरं झालं

चि. माऊ हिस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या महिनाभराच्या जर्मन भाषेच्या शिबिरात, पातळी ठरवायच्या परीक्षेनंतर तुला खालच्या वर्गात बसवलं, हे तू आईला सांगितलंस, मला नाही. मला वाईट वाटेल असं तुला वाटलं असणार. अजिबात वाटलेलं नाही. पुण्यात जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी, पास झालीस ती लिहून, व्याकरण घोकून. हायडेलबर्गच्या बाईंनी समोर बसवून बोलायला लावलं, तिथं अडखळलीस. मग बोलायला जिथं जास्त वाव मिळेल तोच वर्ग तुझा. वरच्या वर्गात महिनाभर गप्प बसून काय मिळणार? अगदीच सोपं वाटलं तर बाईंना जाऊन विचार की, वर्ग बदलता येईल का. पण आधी दोन-तीन दिवस मन लावून बस.

मला काळजी वेगळीच आहे. वर्ग सुटला की तू थेट खोलीवर जातेस, जेवतेस ती आपल्याकडच्या मुलांबरोबर. ती पोरं चांगली आहेत, अडीअडचणीला तीच धावून येतील, त्यांना तोडू नकोस. पण त्यांच्यात दिवसभर हिंदी-इंग्रजीच चालणार, आणि महिना बघता बघता संपेल.

अगं, तू सोलापूरची आहेस. घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेच्या रिक्षात उर्दू आणि पूर्व भागात गेलं की तेलुगू. हे सगळं कानावर पडतच वाढलीस. मी मंगळवेढ्याहून टॉवेलच्या कारखान्यात लागलो तेव्हा मराठीशिवाय काही येत नव्हतं. मागावरची बरीच माणसं पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाची, आपसात तेलुगूत बोलायची. चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यात जाऊन बसायचो. चुकलं की ते हसायचे आणि लगेच बरोबर करून सांगायचे. त्या हसण्यानं माझं काही गेलं नाही. आता नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला की त्यांच्याच घरून जेवायचं बोलावणं येतं, हे तू लहानपणापासून बघतेस.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात तुला नेलं होतं, आठवतंय ना? 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते. तिथं पोचल्यावर चिनी शिकले. त्याच भाषेत जखमींशी बोलले, तिथल्या पोरांना शिकवलं, आणि तेही लढाई चालू असताना. 1942 मध्ये तिथंच वारले, वय अवघं 32. आपल्या गावच्या माणसानं हे केलंय याचा मला फार अभिमान आहे. तुला तर 1386 सालापासूनचं विद्यापीठ मिळालंय, आणि चुकलं तर सुधारायला बाई आहेत.

म्हणून एक कर. रोज एकाच बेकरीत जा, त्याच बाईंकडून पाव घे, आणि नुसतं बोट दाखवू नकोस. आतमध्ये काय आहे, कालचा आहे की आजचा, विचार. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध, भाजी शनिवारीच आणून ठेव. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, दुकानात परत दिल्या की एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट मिळतात. तसं नळाचं पाणीही चांगलं असतं तिथं, विकत कशाला घ्यायचं? रात्री नऊपर्यंत उजेड असतो म्हणून झोप लागत नाही म्हणालीस, तर पडदे ओढून घड्याळाप्रमाणे आडवी हो, जेवणही घड्याळाप्रमाणेच. पासपोर्ट आणि विम्याच्या कागदांचे फोटो मला पाठवून ठेव. तातडीच्या मदतीचा 112 नंबर पाठ असू दे.

आईनं दिलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी खोलीत एकटी बसून खाऊ नकोस. वर्गात घेऊन जा, मधल्या सुट्टीत डबा उघड. मात्र देण्याआधी प्रत्येकाला विचार, शेंगदाणा चालतो का. काहींना त्याची जबर ॲलर्जी असते, जिवावर बेतू शकतं. हे वाक्य जर्मनमध्ये आज रात्रीच तयार करून ठेव, आणि तिखट आहे हेही सांगायला शीक.

रविवारी आमचे साडेनऊ, म्हणजे तुझे संध्याकाळचे सहा वाजता फोन कर. कोणाकोणाशी बोललीस, कोण कुठल्या देशाचं, चटणी कोणाला झेपली, सगळं नीट सांग. आईला घाईतला फोन नको आहे.

तुझा,
बाबा