राउंड करून मापं कम्पेअर करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत कम्प्युटरच्या पानावर सल्ला वाचला की स्क्रिप्टमध्ये दोन मापं जुळतात का बघायचं तर दोन्ही दोन डेसिमलपर्यंत राउंड करा नि मग कम्पेअर करा, झालं काम. नाही होत हो काम!

मुळात भानगड अशी की ०.१ बायनरीत (कम्प्युटरच्या ०-१ च्या अंकपद्धतीत) पूर्ण मावतच नाही, एक भागिले तीन जसं आपल्याकडे संपत नाही तसंच ते, मग कम्प्युटर ५३ बिटांत (०-१ च्या ५३ अंकांत) बसेल तेवढं ठेवतो आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेला ०.१ अधिक ०.२ विचारलं की ०.३०००००००००००००००४ येतं. यात पायथनचा दोष नाही, डेसिमल आकडे कसे साठवायचे ते ठरवणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ स्टँडर्डनं चालणाऱ्या सगळ्याच भाषांत हे होतं.

आता तुमचं राउंडिंग लावून बघा. २.४४४९ आणि २.४४५१ मध्ये फरक फक्त ०.०००२, पण राउंड केल्यावर एक २.४४ आणि दुसरं २.४५, म्हणजे स्क्रिप्ट म्हणणार जुळत नाही. उलट २.४३५१ आणि २.४४४९ मध्ये ४९ पट जास्त फरक आहे तरी दोन्ही २.४४, म्हणून पास! याला चेकिंग म्हणायचं का?

सरळ वजाबाकी करा, मायनस चिन्ह काढा आणि फरक टॉलरन्सच्या (चालू शकेल एवढ्या फरकाच्या) आत आहे का बघा. टॉलरन्स मात्र मोजायच्या साधनावरून ठरवा, व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी असेल तर नवव्या डेसिमलपर्यंत ताणण्यात काय अर्थ आहे. काही जण कुठूनतरी एप्सिलॉन (१ आणि त्याच्या पुढच्या साठवता येणाऱ्या आकड्यातला फरक) हाच टॉलरन्स म्हणून २.२ गुणिले १० चा उणे १६ वा घात कॉपी-पेस्ट करतात, ते तर दोनच्या वरच्या आकड्यांना साध्या बरोबरच्या चिन्हाइतकंच कडक पडतं. पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधलं, दोन आकडे जवळ आहेत का ते बघणारं इजक्लोज हे फंक्शन चांगलंय, पण त्याचा डिफॉल्ट टॉलरन्स रिलेटिव्ह (आकड्याच्या प्रमाणात बदलणारा) आहे, त्यामुळे शून्याशी कम्पेअर करताना अ‍ॅब्सोल्यूट टॉलरन्स (ठरावीक फरक) आपणच द्यायचा, नाहीतर अगदी बारीकसा आकडासुद्धा फेल. (लिनक्सच्या बॅश शेलमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचं तर विचारूच नका, तिथे डेसिमल चालतच नाही, ऑक ही कमांड वापरा.)

जमत असेल तर मापं मायक्रॉनमध्ये (मिमीच्या हजाराव्या भागात) पूर्णांक म्हणूनच साठवा, कटकटच नको.

आणि हे फक्त ‘बरोबर आहे का’ पुरतं नाही बरं का, ‘०.३ किंवा कमी’ अशी लिमिट लावली आणि माप ०.१ नि ०.२ ची बेरीज करून आलं तर चांगला पीस रिजेक्ट होतो. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापा, लोक छापील कोड जसाच्या तसा उतरवून घेतात.

आपला,
एक वाचक