पेटीच्या मापांबद्दल

मेढा,
१० मे

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. घरामागच्या फणसाच्या फळ्या वर्षभर माळ्यावर वाळल्या आहेत, त्यांच्या मधपेट्या करायच्या म्हणतोस, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस एवढंच, की "मापं पाठव." मापं पाठवतोच, पण नुसती मापं पाठवून मला झोप लागणार नाही. गेल्या वर्षी माझ्या हातून एक अख्खी वसाहत गेली, ती मापांमुळेच. तुला फोनवर इतकंच म्हणालो होतो की माश्या सोडून गेल्या. नीट सांगायचं राहूनच गेलं.

त्या पेट्या मी तयार आणल्या होत्या. दिसायला छान, पिवळा रंग, स्वस्तही पडल्या. कोपऱ्यात फळीला फळी टेकवून चार-चार खिळे मारलेले. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. आषाढ-श्रावणात आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते तुला माहीत आहे. तुझ्या देवरुखात काही कमी नाही. गणपती उठल्यावर पहिल्या उघडिपीला मी पेटी उघडली. वरचा मधाचा कप्पा उचलायला गेलो, तर खालच्या फ्रेम, म्हणजे पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी, त्याच्याबरोबर वर यायला लागल्या. वरच्या आणि खालच्या फ्रेमच्या मधल्या पोकळीत माश्यांनी पोळं बांधून टाकलं होतं. मी जोर केला आणि ते फाटलं. पांढऱ्या अळ्या उघड्या पडल्या, मध ओघळून तळापर्यंत गेला, त्यात माश्या चिकटून मेल्या. त्या ओल्या फाटण्याचा आवाज अजून कानात आहे. मग पट्टी घेऊन मोजलं. मागचा एक कोपरा खिळ्यांसकट उघडला होता, फळी पन्हळीसारखी वाकली होती आणि जिथे आठ मि.मी. जागा हवी तिथे तेरा झाली होती. पाचव्या दिवशी सकाळी पेटी रिकामी. आपली सातेरी माशी अशीच आहे, तिला घर पटलं नाही की ती थांबत नाही.

म्हणून सगळ्यात आधी ही आठ मि.मी.ची गोष्ट समजून घे. फिलाडेल्फियात लँगस्ट्रॉथ नावाचे एक धर्मोपदेशक होते. १८५१ साली त्यांच्या लक्षात आलं, की साधारण सहा ते नऊ मि.मी. जागा माश्या मोकळी सोडतात. ती त्यांची जायची-यायची वाट. जागा त्याहून मोठी झाली की तिथे पोळं बांधायला घेतात. अरुंद राहिली तर माशी आत शिरत नाही, आणि मेणकिड्याची अळी मात्र तिथे निर्धास्त वाढते. सुटी काढता येणारी फ्रेम शक्य झाली ती या एका निरीक्षणामुळे. पुढच्या वर्षी त्यांनी त्या पेटीचं पेटंट घेतलं. पुढे १९११ ते १९१७ च्या सुमारास त्रिचनापल्लीकडे फादर न्यूटन यांनी आपल्या लहान माशीला बेताची होईल अशी छोटी पेटी केली. मी पेटीकडे आता या नजरेने बघतो. फ्रेमच्या चारी बाजूंना ही वाट पाऊसपाण्यात तितकीच राहावी, एवढ्यासाठी लाकूड आहे.

आणि आपल्याकडे ही गोष्ट जास्तच लागू पडते. युरोपियन मेलिफेरा माशी झाडांचा डिंक-राळ गोळा करून आणते आणि पेटीतल्या भेगा लिंपून घेते. आपली सातेरी राळ आणतच नाही. कोपऱ्यात फट पडली की ती पडली. ती फट बुजवायचं काम सुताराचं.

आता मापं. माझ्याकडे आठ फ्रेमची छोटी पेटी आहे. फ्रेम बाहेरून बाहेर २३० मि.मी. लांब, वरच्या पट्टीसकट १६५ उंच. दोन्ही टोकांना आठ-आठ सोडले की पेटीची आतली लांबी २४६. एका फ्रेमच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३१ धर, आठ फ्रेमचे २४८ होतात, आणि हात घालायला थोडी ढिलाई म्हणून आतली रुंदी २५६. फळी २० मि.मी. जाडीची. म्हणजे बाजूच्या दोन फळ्या २८६ लांब आणि समोरची-मागची २९६. तुला ज्या मधपाळाकडून वसाहत मिळणार आहे त्याची एक फ्रेम आधी घरी आण आणि ती मोजून हा हिशेब पुन्हा कर. जुन्या फ्रेम नव्या पेटीत बसल्या नाहीत तर सगळं मुसळ केरात.

उंची मी १७२ ठेवली. हिशेबाने १७३ यायला हवी. १६५ ची फ्रेम आणि वर आठची वाट. पण पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं. एवढ्या रुंद फळीला आमच्याकडे दोनेक मि.मी. सहज. फ्रेमची उभी पट्टी मात्र लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने उभी, ती फुगून लांब होत नाही. पेटी उंच होते, फ्रेम तेवढीच राहते, आणि वाढलेली सगळी जागा वाटेत जाते. म्हणून कोरड्या दिवसांत सात ठेवायचे, भर पावसात नऊ होतात. दोन्ही माशीला चालतात.

आता कोपरा. तिथे खिळ्यांऐवजी मी बॉक्स जॉइंट करतो. बॉक्स जॉइंट म्हणजे दोन्ही फळ्यांच्या टोकांना दात आणि खाचा, बोटांत बोटं अडकवावीत तसे. आमचे सुतारमामा त्याला दाताचा सांधा म्हणतात. त्यांनी मला एक हिशेब करून दाखवला तो मला फार आवडला. फळीला फळी टेकवून चिकटवली तर कोपऱ्यात १७२ गुणिले २०, म्हणजे जेमतेम साडेचौतीस चौरस सें.मी. जागा मिळते. नऊ दातांचा सांधा केला तर दातांच्या गालांची, म्हणजे बाजूंची, आठ जागी गाठ पडते, प्रत्येक ठिकाणी दोन बाय दोन सें.मी., म्हणजे बत्तीस. जागा जवळपास तेवढीच! फरक आहे तो लाकडाच्या तोंडाचा. फळीचं कापलेलं टोक म्हणजे भाताच्या पेंढीचं कापलेलं टोक. सगळ्या नळ्या उघड्या. तिथे फेव्हिकॉल लावला की नळ्या तो पिऊन टाकतात आणि खिळा मारला तर तो रेषेला समांतर जातो, त्याला पकड मिळत नाही. दाताच्या गालावर मात्र रेषा शेजारी शेजारी पडतात, तिथे डिंक बसला की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही. शिवाय चारी फळ्यांची रेषा आडवीच, त्यामुळे पावसात चारी बाजू एकदमच फुगतात आणि कोपऱ्यात ओढाताण होत नाही.

माझ्याकडे पाऊण इंची पटाशी आहे, १९ मि.मी.ची. म्हणून दातही १९ चा. आठ दातांचे १५२ झाले, शेवटचा तळाचा दात २० चा. बाजूच्या फळीला पाच दात, समोरच्या-मागच्या फळीला चार. हे उलट करू नकोस. समोरच्या आणि मागच्या फळीला आतून वर खाच काढायची असते, तिच्यावर फ्रेमचे कान, म्हणजे वरच्या पट्टीची बाहेर आलेली टोकं, टेकतात. १० मि.मी. आत आणि १७ खोल, त्यातले सात वाटेचे आणि दहा कानाच्या जाडीचे. सगळ्यात वरचा दात जर याच फळीला ठेवलास, तर खाच त्या दातातून आरपार बाहेर जाते आणि कोपऱ्याला चौकोनी भोक पडतं. मुंग्यांना दरवाजाच. वरचा दात बाजूच्या फळीला दिला की १९ चा दात १७ ची खाच पुरती झाकून टाकतो. माझी पहिली पेटी भोकाची झाली. लाकडाचा तुकडा ठोकून ते बुजवलं, पण दर वेळी नजर तिथेच जाते.

दुसरी चूक आखणीची. मी दोन्ही फळ्यांवर पट्टी ठेवून पेन्सिलीने वेगवेगळ्या खुणा केल्या. पेन्सिलीच्या रेघेलाच अर्धा मि.मी. जाडी असते, आणि दर खुणेला थोडं थोडं सरकत नवव्या दाताला मी दीड मि.मी. चुकलो होतो. मामांनी फळी हातातून घेतली, काही बोलले नाहीत, दुसरी फळी आणली. आधी बाजूच्या फळीचे दात पूर्ण कापून साफ करायचे. मग ती समोरच्या फळीच्या टोकावर उभी धरायची, काटकोन बघायला गुण्या लावायचा आणि प्रत्येक दाताच्या कडेने धारदार सुरीने रेघ ओढायची. पट्टी नाही, आकडा नाही, दातानेच खाच आखायची. सुरीची रेघ केसाएवढी असते आणि पटाशीची धार तिच्यात आपोआप बसते. करवत रेघेवर चालवायची नाही, टाकाऊ भागात रेघेला खेटून चालवायची. खाचेतला तुकडा दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा पटाशीने काढायचा. एका बाजूने आरपार ठोकलंस तर पलीकडची कपची उडते.

तुझा फणस यात थोडा त्रास देईल. त्याची रेषा उलटसुलट असते, रंधा एका जागी गुळगुळीत जातो आणि वीतभर पुढे लाकूड उचकटतो. रंधा बारीक ठेव आणि पटाशीला वरचेवर धार लाव. माझं साग होतं, तरी मी दर चार दातांनी दगडावर जात होतो. राउटर मशीनवर जिग (फळी दर वेळी नेमक्या जागी धरणारा साचा) करून कापायचा तुझा विचारही चांगला आहे, फक्त दात बिटच्या, म्हणजे मशीनच्या पात्याच्या, मापाचा होईल, तेव्हा उंचीचा हिशेब त्याप्रमाणे कर. आणि जिगच्या खुंटीपाशी साठलेला भुसा दर कापाला ब्रशने झटक. चिमूटभर भुसा अडकला की फळी तेवढी अलीकडे थांबते, आणि पुढचे सगळे दात सरकतात.

सांधा हाताने दाबून निम्मा आणि लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण बसला पाहिजे. आधी कोरडाच जोडून बघ. मग डिंक. पाण्याला टिकणारा घे, दातांच्या गालांवर ब्रशने लाव आणि लगेच दोन्ही कर्ण मोज. दोन्ही सारखे आले की पेटी काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर क्लॅम्प लावून हळू दाब. डिंक ओढला की दहाएक मिनिटांनी लाकूड कुणाचं ऐकत नाही. खिळे मी मारलेच नाहीत. वरच्या आणि खालच्या दातातून भोक पाडून बांबूच्या खुंट्या ठोकल्या, त्या गंजत नाहीत.

बाहेरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात दे, कोपऱ्यांवर पाच. दाताची टोकं बाहेर उघडी असतात आणि तीच पाणी पितात. आतून काहीही लावू नकोस. तळपाट, झाकण आणि छप्पर तू करशीलच, त्यात अवघड काही नाही. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या मात्र विसरू नकोस.

महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा मांघरलाही जाऊन आलो. २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते. तिथे परसात, बांधावर पेट्या पाहिल्या आणि येताना वाटभर मनात एकच, की आपल्या दारातल्या पेट्याही अशा वर्षानुवर्षं नांदत्या राहाव्यात.

सहा पेट्या झाल्या आहेत. पहिलीत, त्या बुजवलेल्या भोकाच्या पेटीत, फेब्रुवारीत एक थवा भरला. गेल्या रविवारी उघडली. वरचा कप्पा उचलला आणि तो नुसताच वर आला, खाली काहीही चिकटलेलं नव्हतं. चौथी फ्रेम दोन बोटांनी कानाला धरून वर काढली. दोन्ही बाजूंना बंद पिल्लं, वरच्या कडेला जांभळाच्या मधाची पट्टी, आणि खालच्या पट्टीवरून माश्या शांतपणे चालत पलीकडे जात होत्या. मी फ्रेम तशीच धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. तुझी वहिनी चहा घेऊन आली तेव्हा भानावर आलो.

पाऊस लागायच्या आत फळ्या कापून, दात पाडून, पेट्या जोडून ठेव. आता लाकूड सगळ्यात कोरडं आहे. वसाहत गणपतीनंतर आण, घाई नको. सागाचा एक तयार कोपरा एस.टी.च्या पार्सलने पाठवतोय, त्याला डिंक लावलेला नाही. तो सुटा कर, पुन्हा जोड, पुन्हा सुटा कर. किती घट्ट म्हणजे घट्ट, ते मला लिहून सांगता येत नाही, ते तुझ्या हाताला कळेल. त्यातच कागदात गुंडाळून एक रिकामी फ्रेम ठेवली आहे, ती मात्र परत पाठव, माझ्याकडे एकच जास्तीची आहे.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मेढ्याचा मित्र