अभिवाचनातून ती दोन मुले वगळू नयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेचे एकपात्री अभिवाचन इंग्लंड-अमेरिकेत ठिकठिकाणी होते. या प्रथेचा जनक स्वतः डिकन्सच. २७ डिसेंबर १८५३ रोजी बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये त्याने ही कथा प्रथम जाहीरपणे वाचली, तेव्हा वाचन सुमारे तीन तास चालले; आणि तीनच दिवसांनी, त्याच्याच आग्रहावरून, कामगारांना परवडेल अशा दरात ती पुन्हा वाचली गेली. पुढे छापील पाने सुटी करून, मोठ्या कागदांवर चिकटवून आणि त्यांवर काटछाट करून त्याने आपली वाचनप्रत सिद्ध केली, जी आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे.

श्रोत्यांसमोर वाचायची संहिता आवळावी लागते, हे मान्य. परंतु या काटछाटीत, कथानायक स्क्रूज या कंजूष म्हाताऱ्याला भेटणाऱ्या वर्तमान नाताळच्या पिशाच्चाच्या झग्याखालून बाहेर येणारी दोन कृश मुले, म्हणजे ‘अज्ञान’ आणि ‘अभाव’, वगळली गेली, आणि इथे डिकन्सचा निर्णय मला पटत नाही. बालकामगारांच्या स्थितीवरील १८४३ चा सरकारी अहवाल वाचून अस्वस्थ झालेला हा लेखक आधी गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढणार होता. तो बेत सोडून त्याने त्याच वर्षी ही कथा लिहिली. ज्या मुलांपायी कथा जन्मली, तीच वाचनातून गेली तर उरतो तो सणाचा आनंद आणि त्या कंजूष म्हाताऱ्याचे मनपरिवर्तन.

शिवाय हा प्रसंग एकपात्री वाचनासाठीच जणू घडवलेला आहे. गरिबांसाठी तुरुंग नाहीत का, अनाथ-गरिबांची श्रमगृहे नाहीत का, असे स्क्रूज आरंभी तुसडेपणाने विचारतो. त्या मुलांना पाहून तो कळवळतो, तेव्हा पिशाच्च त्याचेच शब्द त्याला परत ऐकवते. संपूर्ण नटसंचात हे शब्द दोन वेगळ्या नटांच्या तोंडी येतात. एकट्या वाचकाच्या बाबतीत मात्र ज्या गळ्यातून ती निष्ठुरता निघाली, त्याच गळ्यातून तिचा जाब मागितला जातो, आणि हे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्याही सादरीकरणात नाही.

मराठीत ही कथा वाचू इच्छिणाऱ्या अभिवाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की वेळ वाचवायचाच असेल तर मेजवान्यांची आणि दुकानांची वर्णने खुशाल कमी करावीत, परंतु ही काही मिनिटे राखावीत आणि पार्श्वसंगीताविना वाचावीत.

आपला,
एक नाट्यरसिक, पुणे